एक फिल्म कमी

"...अठ्ठावीस, एकोणतीस, तीस," असं म्हणून जंगमांनी फोटो सोलला.

सोलला हाच शब्द बरोबर. त्या कॅमेऱ्यातून फोटो बाहेर यायचा तो दोन कागदांची जोडी होऊन, एकमेकांना चिकटलेला. ती जोडी ओढून काढायची, तीसपर्यंत मोजायचं आणि केळ्याची साल काढावी तसा एक कागद दुसऱ्यावरून वेगळा करायचा. एकावर फोटो. दुसरा काळपट, ओलसर, त्याची जागा बादलीत.

"त्याला हात लावू नका काकू, तो चीक पोळतो," जंगम मुलीच्या आईला म्हणाले.

काकूंचं लक्ष चिकाकडे नव्हतंच. "हिचं नाक एवढं आहे?"

"मी नाक करत नाही काकू, असलेलं छापतो."

"हा स्टुडिओतला बघा बरं, किती सुरेख आलाय." त्यांनी पर्समधून दुसरा फोटो काढला.

"सुरेख आहेच. यातलं निम्मं नाक पेन्सिलीनं खाल्लंय. इथं पेन्सिल फिरवायला निगेटिव्ह हाती लागत नाही, त्याला मी काय करू?"

मी शेजारच्या टेबलावर बसून हे ऐकत होतो आणि ओठ मिटून हसत होतो. कारण पेन्सिलीवर बंदी आणणारा मीच.

बार्शीला आमच्या समाजाचं वधूवर मंडळ होतं आणि मी त्याचा चिटणीस. दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी समाजमंदिरात मेळावा भरायचा. पूर्वी लोक घरून फोटो आणायचे. त्या फोटोंत मुली गोऱ्या असायच्या, मुलांना केस असायचे, आणि प्रत्यक्ष पाहायच्या दिवशी दोन्ही पक्ष एकमेकांकडे चोर पकडल्यासारखे बघत बसायचे. एका नवऱ्या मुलाच्या कपाळाची भांडणं कोर्टाच्या पायरीपर्यंत गेली, तेव्हा मी १९८२ साली नियम केला. फोटो मेळाव्यातच, सर्वांदेखत, झटपट कॅमेऱ्यावर काढायचा. फोटोच्या मागे 'समक्ष काढला' असं लिहून चिटणीस सही करणार. सही नाही तर छापील सूचीत नाव नाही. नियमाची कीर्ती सोलापूरपर्यंत गेली. तिथल्या मंडळानंही जंगमांनाच बोलवायला सुरुवात केली.

आता माझ्याबद्दल. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात कारकून होतो, आणि मोजल्याशिवाय मला कशाचीच खात्री वाटत नाही. फिल्मच्या एका पाकिटात दहा फोटो. बिघडलेला फोटोसुद्धा फेकायचा नाही, 'बाद' म्हणून वहीत चिकटवायचा, असा माझा हुकूम होता. जंगम त्याला 'चिटणीससाहेबांचं स्मशान' म्हणायचे.

फॉर्म लिहायचं काम शालनचं. शालन माझी धाकटी बहीण. माझी बायको वारली तेव्हा चार दिवस घर बघायला म्हणून आली, त्याला नऊ वर्षं झाली होती. अक्षर मोत्यासारखं. वाळलेल्या फोटोंच्या मागे फॉर्मचा नंबर पेन्सिलीनं घालून ती चळत पालथी माझ्यापुढे ठेवायची, मी सह्या करत जायचो. तोंडं मला बघायची गरज नव्हती. तोंडं बघायला लोक आले होते.

"हिचं कुठं जमवलं नाहीत का हो?" त्या नाकवाल्या काकूंनी शालनकडे हनुवटी करून मला विचारलं.

"तिची इच्छा नाही," मी म्हणालो. हे उत्तर मला पाठ होतं.

शालननं पुढचा फॉर्म ओढून घेतला.

नियम केल्यापासूनचा तो चौथा मेळावा. चार वाजता पांगापांग झाल्यावर मी वही उघडली. पाकिटं पाच, म्हणजे फिल्म पन्नास. फॉर्म शेहेचाळीस. बाद तीन. एक कमी.

मी मागची पानं उलटली. त्याच्या आदल्या वर्षी एक कमी. त्याच्याही आधी एक. पहिल्या वर्षी मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'एक फिल्म आढळत नाही, बहुधा मोजणीत चूक.' मोजणीत चूक आणि माझी. तेव्हाच संशय यायला हवा होता.

दोन फिल्म गेल्या असत्या तर मी हलगर्जीपणा म्हटलं असतं. पण दरवर्षी नेमकी एक, यात मला बेत दिसला. कोणाचा, हेही दिसलं. कॅमेऱ्याला हात लावणारा माणूस एकच. जंगम आमच्या समाजाचे नव्हते, स्टँडजवळ त्यांचा स्टुडिओ, दारात पोरांचा अड्डा. एखाद्या मुलीचा जादा फोटो काढून बाहेर दिला तर? उद्या तो कोणाच्या खिशात सापडला तर त्या मुलीचं काय होईल ते होईलच, पण पुन्हा एकही बाप आपली मुलगी आमच्या दारात उभी करणार नाही. मंडळ त्या दिवशी संपलं.

"शालन, तू फोटो किती आणून दिलेस?"

ती फॉर्म दोऱ्यात ओवत होती. "सह्या तू केल्यास. मोजल्या नाहीस?"

सह्या मात्र मी मोजत नव्हतो. हे तिनं इतक्या सहज विचारलं की मला राग आला तो जंगमांचाच.

जंगम सामान बांधून गेल्यावर मी बादली मागच्या पडवीत नेली. चिमट्यानं एकेक साल उचलून वर्तमानपत्रावर मांडली. पन्नास. म्हणजे कोरी फिल्म चोरलेली नव्हती. कोणाचा तरी फोटो काढला गेला होता, आणि तो ना वहीत होता ना फॉर्मवर.

त्या सालींवर चेहऱ्यांची उलटी छाया राहते. केस पांढरे, तोंड काळं, डोळ्यांच्या खाचा उजळ. पन्नास भुतं माझ्यापुढे वाळत पडली होती. मी फॉर्म आणि बादची वही आणून नाक, कपाळ, साडीचा काठ असं जुळवत बसलो. पाऊण तासानं एक बाई उरली. खांद्यावरून शाल घेतलेली, सरळ बघणारी. आणि डाव्या गालावर पांढरा ठिपका.

पांढरा म्हणजे खरा काळा, एवढं मला कळत होतं. डाव्या गालावर तीळ. फॉर्ममध्ये 'ओळखीची खूण' असा रकाना असतो. शेहेचाळीसही रकाने मी बोट लावून वाचले. डाव्या गालावर तीळ असलेली एकही मुलगी मेळाव्याला आली नव्हती.

शालन चहा घेऊन आली. मांडलेल्या सालींकडे बघत उभी राहिली.

"हे काय मांडलंयस?"

"काही नाही. सगळ्या म्हाताऱ्या दिसतात नाही यात?"

"हो," ती म्हणाली. "म्हाताऱ्याच दिसतात." आणि कप माझ्या हाताशी ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर जंगमांच्या स्टुडिओत गेलो. साल पाकिटात घालून नेली होती. ते काउंटरवर बसून एका बाळाच्या फोटोला कडा कापत होते.

"ही कोण?" मी विचारलं.

त्यांनी साल उजेडाकडे धरली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते क्षणभरच थांबले, पण थांबले.

"स्मशानातून मढी उकरायला लागलात का, चिटणीससाहेब?"

"थट्टा नको. डाव्या गालावर तीळ. अशी मुलगी आमच्याकडे आलेलीच नाही. मग हिचा फोटो काढला कुणी आणि गेला कुठं?"

"काढला मी."

"आणि दिला कोणाला?"

"जिचा होता तिला."

"नाव?"

"नाव फॉर्मवर असतं. फॉर्म तुमच्याकडं असतात. मी फोटो काढतो."

"जंगम, चार वर्षं चार फिल्म. हा लेकीबाळींचा मामला आहे."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे मी पोरींचे फोटो विकतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी विचारतोय."

"नाही, विचारत नाही तुम्ही. विचारायला आला असता तर बसला असता." त्यांनी साल परत पाकिटात घातली आणि माझ्याकडे सरकवली. "उद्यापासून दुसरा बघा. आणि हे जपून ठेवा. उन्हात टाकू नका, उडून जाईल."

मला ही कबुली वाटली. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, असा माझा कचेरीतला अनुभव. त्याच संध्याकाळी मी सोलापूरच्या मंडळाला पत्र टाकलं. आरोप केला नाही, तेवढा मी हुशार होतो. 'सदर छायाचित्रकाराच्या फिल्मचा मेळ लागत नाही, आपण योग्य ती दक्षता घ्यावी,' एवढंच. पत्र स्वतः लिहिलं, स्वतः पेटीत टाकलं. शालनला सांगितलं, जंगमांनी दर वाढवले म्हणून त्यांना सोडलं. तिनं दोनदा विचारलं, "नक्की दरच ना?" मी म्हटलं, नक्की.

पुढच्या वर्षी प्रश्न आला की फोटो काढणार कोण. अध्यक्ष भाऊसाहेब हेंद्रे यांच्या मस्कतच्या जावयानं तो सोडवला. त्यानं नव्या जातीचा कॅमेरा पाठवला, सोबत फिल्मची पाकिटं. बटण दाबलं की पुढच्या फटीतून फोटो आपणहून बाहेर. ना ओढायचं, ना मोजायचं, ना सोलायचं. पांढऱ्या चौकटीत राखाडी चौकोन, आणि तुमच्या डोळ्यांदेखत त्यात माणूस उगवणार, तोही रंगीत. बादलीचं कामच संपलं.

भाऊसाहेबांचा जीव जुन्यातच होता. "रंग कशाला? लग्नं काळ्यापांढऱ्यावर जमत नव्हती का?"

शालन सभेत कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "नवाच घ्या भाऊसाहेब. यात कुणाला काही लपवता येणार नाही."

माझ्या मनातलंच ती बोलली, आणि म्हणूनच मला ते खटकलं. हिला कधीपासून कॅमेऱ्यातलं कळायला लागलं? पण यंत्र मलाही पटलं होतं. मागे एक छोटी खिडकी होती, तीत उरलेल्या फिल्मचा आकडा दिसे. दहा, नऊ, आठ. स्वतःच हिशेब ठेवणारा कॅमेरा. मी त्याची इंग्रजी चोपडी शब्दकोश घेऊन तीन वेळा वाचली. बॅटरी दर पाकिटात नवी मिळते हे वाचून तर मी दोन दिवस विचार करत होतो की कंपनी ती फुकट का देत असावी.

अडचण एकच निघाली. या फोटोची पाठ काळी कुळकुळीत, तिच्यावर सही उमटेना. मग ठरलं की सही पुढे, चेहऱ्याखालच्या पांढऱ्या पट्टीवर करायची. पट्टीवर बॉलपेन घसरायचं, म्हणून जावयाकडूनच जाड मार्कर पेन मागवलं.

पुढे कधीतरी या दोन्ही जातींचे कॅमेरे बंद पडले. परवा माझ्या पुतणीच्या मुलीनं वाढदिवसाला मिळालेला कॅमेरा आणून दाखवला, फुग्यासारखा गुबगुबीत. फोटो पत्त्याच्या पानापेक्षा लहान. पाकिटात किती, मी विचारलं. दहा. तेवढं कुणी बदललेलं नाही.

पाचव्या मेळाव्याला बटण मीच दाबलं. दुसऱ्याच्या हाती द्यायचा प्रश्नच नव्हता. दिवसभर सह्याही करत होतो, आणि आता दर सहीला माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत होतं. ही दगदग वेगळीच. लोक फोटोतूनही माझ्याकडे आशेनं बघत होते, जणू माझ्या मार्करमध्येच त्यांचं स्थळ होतं.

साडेचारला हॉल रिकामा झाला. भाऊसाहेब पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेले. मी वही उघडली. फिल्म पन्नास. फॉर्म अठ्ठेचाळीस. बाद एक, एका मुलाला ऐन वेळी शिंक आली होती. कॅमेऱ्याच्या खिडकीत आकडा एक. मेळ बसला. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं म्हणालो, "बघ शालन, जंगम नाही तर एक फिल्मसुद्धा इकडची तिकडे नाही."

शालन खांद्यावर शाल घेऊन खुर्चीत बसली होती, फोटोसाठी ठेवलेल्या, खिडकीकडे तोंड असलेल्या खुर्चीत.

"एक उरलीय ना अप्पा? काढ."

"कुणाचा?"

"इथं दुसरं कोण आहे?"

"उरू दे की. पुढच्या वर्षी कामाला येईल."

"पुढच्या वर्षी खराब होईल. काढ."

मला वाटलं, हौस असेल. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या चौकटीत ती सरळ माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती. बटण दाबलं. घर्र करून फोटो बाहेर आला आणि खिडकीत शून्य लागलं.

फोटो टेबलावर ठेवून आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो. राखाडीतून आधी खिडकीचा उजेड आला, मग शालीची कड, मग कपाळ. मग गाल. आणि गालावर तीळ.

तो तीळ मी चौतीस वर्षं बघत होतो. उजव्या गालावर. त्याच्याकडे बघताना माझ्या डोक्यात त्या चोपडीतलं एक वाक्य सरकलं, जे मी शब्दकोश लावून सोडवलं होतं आणि सोडवल्याचा आनंद मानून पुढे गेलो होतो. या कॅमेऱ्यात आत आरसा बसवला आहे, कारण त्याशिवाय फिल्मवर माणूस डावा-उजवा उलटा पडतो. जुन्या कॅमेऱ्यात आरसा नव्हता, त्यात फोटो सुलटा उठायचा आणि साल उलटीच राहायची. सालीवरच्या बाईचा डावा गाल म्हणजे उजवा.

"ती तू होतीस."

"चारी वर्षं. दुपारी तू पंगतीला जायचास तेव्हा. जंगमांना मीच गळ घातली होती, कुणाला बोलू नका म्हणून."

तिनं मांडीवरची पिशवी उघडली आणि चार काळेपांढरे फोटो माझ्यापुढे पालथे ठेवले. चारींच्या मागे माझं अक्षर. 'समक्ष काढला.' खाली सही, तारखेसह. मी ते उलटून बघितले. चार वर्षांच्या चार शालन, प्रत्येक थोडी थोडी वाळत गेलेली.

"सही तर होती," मी म्हणालो. "मग फॉर्म का नाही घातलास? नाव छापून आलं असतं. मला कळलंसुद्धा नसतं."

"म्हणूनच नाही घातला. दरवर्षी भरायचे आणि ठेवून द्यायचे. तू न बघता केलेली सही घेऊन मी कुठं जाऊ?"

हॉलच्या खिडक्या उघड्याच होत्या. खाली कुणीतरी मांडवाचे बांबू सोडत होतं.

"पण तुझी इच्छा नाही, असंच..."

"हे तू लोकांना सांगायचास. मला कधी विचारलंस?"

मी आठवून पाहिलं. नऊ अधिक एक, दहा वर्षं. दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद माझ्याकडे होती, नळाच्या मीटरची होती. हा प्रश्न मी तिला विचारल्याची नोंद कुठंच सापडेना.

"आणि घर?" माझ्या तोंडून गेलं. गेल्यावर मला कळलं की त्या सगळ्या वर्षांत माझ्याजवळ एवढंच कारण होतं.

तिनं पिशवीत पुन्हा हात घातला. एकोणपन्नासावा फॉर्म पुढे केला. भरलेला. वय चौतीस, स्पष्ट. ओळखीची खूण, उजव्या गालावर तीळ. वर फोटो ठेवला आणि मार्कर हातात धरून बसली. मी हात पुढे केला, तर तिनं तो मागे घेतला.

"आधी दुसरं काम आहे."

पिशवीतून तिनं एक कार्ड काढलं. सोलापूरच्या मंडळाचं, आठ दिवसांपूर्वीचं. टपाल तीच उघडायची. 'आपल्या गतवर्षीच्या पत्राप्रमाणे श्री. जंगम यांस यंदाही बोलावलेले नाही.'

"दर वाढवले होते म्हणालास."

मी कार्ड उलटून टपालाचा शिक्का बघायला लागलो.

"माझं नाव सांगितलं असतं तर सुटले असते ते. वर्षभर सोलापूरचं काम गेलं त्यांचं. मला परवा त्यांच्या बायकोनं मंडईत सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर." तिनं मंडळाचा छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "लिही. एक सोलापूरला, एक जंगमांना."

"सोलापूरला काय लिहू?"

"फिल्मचा मेळ लागला. चूक चिटणिसाची होती."

"'नजरचुकीनं' असं..."

"चूक. नुसतं चूक."

मी लिहिलं. तिनं वाचलं, एका ठिकाणी मी 'गैरसमज' घुसवला होता तो खोडायला लावला आणि अख्खं पत्र पुन्हा लिहून घेतलं. मग दुसरं. ते लहान होतं, पण त्याला वेळ जास्त लागला. दोन्ही पाकिटं बंद करून तिनं पिशवीत टाकली आणि तेव्हा कुठं मार्करचं टोपण काढून माझ्यापुढे धरला.

फोटो आता पुरता उमटला होता. मी त्यातल्या तोंडाकडे बघितलं, मग समोरच्या. पट्टीवर 'समक्ष काढला' लिहिलं आणि सही केली. सहीतलं एक अक्षर वर चौकटीला जाऊन टेकलं. तिनं ते बघितलं, पण बाद म्हणाली नाही. फुंकर घालून वाळवलं, फॉर्मला टाचलं आणि फॉर्म चळतीत घातला, वर नाही, अठ्ठेचाळिसाच्या खाली, आपल्या नंबरावर. मग उठून एकेक खिडकी लावायला लागली.

"शालन," मी म्हणालो, "जंगमांकडे मीच जाऊन येतो. आत्ताच जातो. समोर बसून बोलतो."

"जा. आणि पत्रही ने," ती कडी लावत म्हणाली. "तोंडी बोललेलं तू कधी धरत नाहीस."